तिरकी पायरी

३ जून

मामा,

नमस्कार केला असं समज, कारण हात सरसाने बरबटलेत आणि पेन आत्ताच बोटाला चिकटतंय. तुझी भाची कामाशिवाय पत्र लिहीत नाही असं मामी म्हणते. तिला सांग, बरोबर ओळखलंस.

मी नोकरी सोडली हे आईने तुला कळवलं असेलच, आणि कळवताना डोळेही पुसले असतील. मला सासऱ्यांचं सुतारकामाचं दुकान चालवायचंय. गेलं वर्षभर त्यांच्या हाताखाली रंधा मारला, पटाशी चालवली, लाकूड कसं रचून ठेवायचं ते शिकले. ते मला नाही म्हणालेले नाहीत. पण हो म्हणाले असंही नाही. फार तर 'हं' म्हणतात. माझा नवरा त्यांचा मुलगा असून त्यालाही त्या 'हं'चा अर्थ लागत नाही, तर मी कुठून लावू?

आता एक काम आलंय आणि माझं सगळं त्याच्यावर येऊन अडलंय. इथल्या डॉक्टरीणबाईंच्या घरी सासऱ्यांनी पूर्वी भिंतभर कपाट केलं होतं. मध्यंतरी त्यांच्याकडे नळ फुटला, पाणी साचलं आणि खालची तीन दारं फुगून बसली. ती तीन नवी करून हवीत, वरच्या दारांशी जुळणारी. सासरे म्हणाले, "जुळली तर दुकान चालू ठेवू. नाही जुळली तर कुलूप. जागा भाड्याने देऊन टाकू." एवढं बोलून ते सरस ढवळायला गेले.

जुळवायचं म्हणजे दाराची कड जुळवायची. त्यांच्या दारांना चारी बाजूंनी एक गोलाई असते आणि तिच्या खाली एक बारीक पायरी. ती पायरी किंचित आत कललेली असते, त्यामुळे तिथे सावलीची एक रेघ पडते. लोक ती रेघ बघून सांगतात की हे दार यांच्याकडचं. मी त्यांना विचारलं, ही कड कोरायला राउटर मशीनला कुठलं बिट, म्हणजे कुठलं पातं, लावता? तर म्हणाले, "बघ शोधून."

दुकानात बिटांचा एक पत्र्याचा डबा आहे. सगळी बोथट आणि गंजलेली. तेव्हा नवी घ्यायचीच आहेत. काय काय घेऊ ते सांग. सरस वाळेपर्यंत सांधा आवळून धरायला क्लॅम्पही घ्यायचेत, पण त्याबद्दल सासरे स्वतःहून बोलतात. क्लॅम्पचा विषय काढला की हा मुका माणूस एकदम बोलका होतो. कुठला कुठे लावायचा, किती आवळायचा, खाली कागद का घालायचा. आणि बिटांचं विचारलं की पुन्हा कुलूप. मजा आहे की नाही?

तू फोनवर मापं घेत नाहीस आणि फोटोवर विश्वास ठेवत नाहीस. म्हणून फुगलेल्या एका दाराचा कोपरा कापून, त्याची कड कागदावर ठेवून, पेन्सिल फिरवून पाठवते आहे. तुझं हार्डवेअरचं दुकान म्हणजे माझं अर्धं माहेर. आता त्याला जाग.

तुझी,
टिल्लू


९ जून

चिरंजीव टिल्लू,

उंची वाढो असा आशीर्वाद द्यायची वेळ निघून गेली, तेव्हा नुसतेच आशीर्वाद.

आधी सांगायचं ते हे, की पेटीबंद संच घेऊ नकोस. पेटी देखणी असते, आत मखमल असते, त्यातली चार बिटं कामाला येतात आणि बाकीची पाहुण्यांना दाखवायला राहतात. हे मामा म्हणून सांगतोय. दुकानदार म्हणून मी अशा पेट्या रोज विकतो.

तुला हवं एक सरळ बिट, एक गोलाईचं, एक खळगी पाडणारं आणि एक बेअरिंगवालं, जे कडेला टेकून जास्तीचं लाकूड छाटतं. दांडा अर्ध्या इंचाचाच घे. तुझं राउटर टेबलात बसवलेलं असेल, तर त्याला तो चालेल. पाव इंची दांडा जाड लाकडात शिरला की थरथरतो, आणि तो थरथरला की तूही थरथरशील. लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे सरकव, बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध. उलट सरकवलंस तर ते हातातून हिसकावून घेईल. घाई केलीस तर कड तुटेल, रेंगाळलीस तर जळेल. बाकी तू समजूतदार आहेस.

क्लॅम्पबद्दल मी बोलत नाही. ज्यांना त्याबद्दल बोलावंसं वाटतं त्यांच्याकडूनच शिकावं. फक्त त्यांना विचार, पाइपचे हवेत की पट्टीचे.

आता तुझ्या चित्राबद्दल. भिंग घेऊन पाहिलं. मामी म्हणाली, इतक्या प्रेमाने माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत. अगं, यात काही गूढ नाही. गोलाईच्या बिटाला टोकाशी एक बेअरिंग असतं, ते लाकडाच्या कडेवर टेकून फिरतं. त्याच्या जागी थोडं लहान बेअरिंग बसवायचं. मग बिट थोडं जास्त आत शिरतं आणि गोलाईखाली पायरी पडते. पायरी तिरकी दिसते कारण ते दार पाण्याने फुगलंय. कोरडं असताना ती काटकोनातच असणार. बिट आणि लहान बेअरिंग या पत्रासोबतच्या खोक्यात ठेवलंय.

सासऱ्यांना म्हणावं, शोधलं. माझं नाव सांगू नकोस, भाव खाऊन घे.

मामा


२० जून

मामा,

भाव खायला गेले आणि तोंडावर पडले.

तुझं बिट लोण्यासारखं चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. एका तुकड्यावर कड काढली. सुंदर गोलाई, खाली रेखीव पायरी. सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी तुकडा उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "पण ते दार फुगलेलं होतं ना, म्हणून तिरकी दिसते." ते म्हणाले, "वरची दारं फुगलेली नाहीत."

म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांच्या नातीकडे खेळायची रंगीत माती होती. तिच्याकडून एक गोळा मागितला. तिने हिरवा दिला, निळा द्यायला तयार नव्हती. तो वरच्या कोरड्या दाराच्या कडेवर दाबला आणि ठसा काढला. मामा, पायरी तिरकीच आहे. प्रत्येक दाराला, वरपासून खालपर्यंत, सारखीच तिरकी. पाण्याचा काही संबंध नाही. चुकून झालेलं इतकं सारखं होत नाही. कुणीतरी मुद्दाम, विचार करून केलंय.

मला आता झोपेतही ती पायरी दिसते. नवरा म्हणतो, सोड ना, बाबांनाच विचार. त्याला कसं सांगू की मी रोज विचारते! काल पुन्हा विचारलं, "कुठलं बिट ते तरी सांगा." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "क्लॅम्पखाली कागद घातलास का? लोखंड लागलं की ओल्या सरसाने लाकूड काळं पडतं." घातला होता. पुढे बराच वेळ क्लॅम्पबद्दलच बोलत होते. एक वर लावला की पुढचा खालून लावायचा, म्हणजे दार वाकत नाही. फार आवळलं की सरस सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. 'उपाशी सांधा' असं म्हणाले. इतकं छान बोलतात आणि मला हवं तेवढंच सोडून बोलतात.

मला वाटतं, त्यांना दुकान बंदच करायचंय. मला तोंडावर नाही म्हणायचं त्यांचं धाडस होत नाही, म्हणून त्यांनी ही पायरी मध्ये घातलीय.

टिल्लू


२५ जून

टिल्लू,

पहिल्यांदा मी कान पकडतो. न बघता निदान केलं, ते चुकलं. मामी म्हणते, हा तुमचा जुना रोग आहे.

आता दुसरं. तुझे सासरे खडूस आहेत. ज्याला विद्या द्यायची त्याची परीक्षा घ्यावी हे मला मान्य आहे, पण वर्षभर राबलेल्या सुनेला एका बिटासाठी असं अडवून धरायचं? आमच्याकडेही असे लोक येतात. बिट घेताना दोन सुतार एकदम आले तर एकमेकांपासून पुडी लपवतात. तुला कंटाळा आला तर सरळ इकडे निघून ये. माझं दुकान पुढे कोण बघणार हा प्रश्न तसाही माझ्या डोक्यात बसलेला आहेच. नवऱ्यालाही आण, तो हिशेबाला बरा आहे.

हे झालं मामा म्हणून. पण मला चैन पडत नाही, तेव्हा आता दुकानदार म्हणून विचारतो. असं तिरकं कापणारं गोलाईचं बिट मी आजवर विकलेलं नाही आणि पाहिलेलंही नाही. घाऊक व्यापाऱ्याला विचारलं, तो हसला. मग ते बिटाने केलेलं नसणार. बिट साधंच असणार आणि काहीतरी दुसरं वेगळं असणार. ते दुसरं काय, हे मला इथून दिसत नाही.

तर तू एक कर. मला ते दुकान दाखव. पत्रातून. काय कुठे आहे, उजेड कुठून येतो, टेबल कसं आहे, खुंट्या कुठे आहेत, तू कुठे उभी राहतेस, ते कुठे उभे राहतात. गबाळेपणा करू नकोस. तुला बिनमहत्त्वाचं वाटेल तेही लिही.

मामा


२ जुलै

मामा,

तुझ्याकडे यायचं म्हणतोस, ते कळलं आणि बरंही वाटलं. पण नको. मला हेच दुकान हवंय. इथला वास मला आवडतो, आणि सासरे कितीही मुके असले तरी त्यांच्यासारखा सांधा मला कुणी शिकवणार नाही.

तर दुकान बघ. रस्त्याच्या बाजूला दोन फळ्यांचं दार. सासरे आत येताना मान वाकवतात, सवयीने, आता ते त्यांना कळतही नाही. डाव्या भिंतीला क्लॅम्प. ते इतके उंच टांगलेत की मला प्रत्येक वेळी पाटावर चढावं लागतं. खाली उतरले की पाय पाटाला अडखळतो, मग सासरे 'हं' करतात. समोर त्यांचा कामाचा बाक. त्यावर मी काम करते तेव्हा माझे खांदे कानापर्यंत येतात. करवती, रंधे, सरसाचं भांडं, सगळं त्यांच्या हाताला लागेल असं, म्हणजे माझ्या डोक्यावर.

मागच्या बाजूला खिडकी आहे, तिला लागून राउटरचं टेबल. दुकानातली माझी सगळ्यात आवडती जागा. तिथे मला पाट लागत नाही. कमरेशी नेमकं येतं, कोपर मोकळं राहतं, लाकडावर वजन बरोबर पडतं. उजेड डावीकडून येतो. टेबलावर माझ्या बाजूच्या कडेजवळ दोन भोकं आहेत, दोन टोकांना, स्क्रूची असावीत. त्यांचा काही उपयोग दिसत नाही. त्यात भुसा भरतो तेवढाच.

सासरे तिकडे फारसे फिरकत नाहीत. राउटर चालू केलं की ते बाहेर जाऊन उभे राहतात.

आणखी काय? भिंतीशी गेल्या काही वर्षांतली कामं उभी आहेत, नमुने म्हणून. सगळी सपाट. साधी चौकोनी कड. "हल्ली लोकांना साधंच आवडतं," म्हणतात. खरं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्ही नंतर एक टेबल मागितलं होतं तशाच कडेचं, तर करत नाही म्हणाले. सासूबाई गेल्यानंतर त्यांनी काम कमीच केलं म्हणे. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. मी त्यांना पाहिलेलं नाही.

एवढंच. बिनमहत्त्वाचंही लिहिलं. आता तुझं भिंग लाव.

टिल्लू


६ जुलै

टिल्लू,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि गिऱ्हाईक उभं ठेवून हे लिहितोय.

अगं, राउटरचं टेबल प्रत्येकजण आपल्या कमरेच्या मापाने करतो. ते चुकीच्या उंचीचं असलं तर पाठ मोडते, हात घसरतो. जो माणूस दारातून वाकून आत येतो, ज्याच्या खुंट्यांना तुझा हात पोचत नाही, तो तुझ्या कमरेएवढं टेबल स्वतःसाठी कशाला करेल? त्या टेबलाशी दुसरंच कुणीतरी उभं राहत होतं. तुझ्याएवढं कुणीतरी.

क्लॅम्पबद्दल भरभरून बोलतात आणि बिटांबद्दल गप्प. राउटर चालू झालं की बाहेर. नक्षीची कड बंद झाली ती कधीपासून, हे तूच लिहिलंस. तुझ्या सासूबाई किती उंच होत्या?

ते तुझी परीक्षा घेत नाहीयेत. त्यांना माहीतच नाहीये. मी त्यांना खडूस म्हटलं ते शब्द परत घेतो. मामीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बिचारे," आणि मग माझ्याकडे बघून, "बिचारी," असंही म्हणाली. ती कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

ती दोन भोकं मात्र सोडू नकोस. तिथे काहीतरी बसवलेलं असणार. एखादी पट्टी असेल, तर तिच्यावर दाराची अलीकडची बाजू चढते, दार कलतं, बिट साधं असूनही काप तिरका पडतो. माझा अंदाज, आणि माझ्या अंदाजांचं काय होतं ते तू पाहिलंसच.

त्यांना विचार. पण हळू विचार.

मामा


२९ जुलै

मामा,

उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तू 'हळू' म्हणालास आणि हळू कसं विचारतात ते मला येईना. शेवटी एका सकाळी चहा देताना एवढंच म्हटलं, "सासूबाई माझ्याएवढ्याच होत्या का हो?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बोटभर कमी." कप खाली ठेवला, राउटरच्या टेबलापाशी गेले आणि त्यावर हात टेकून उभे राहिले. त्यांना तिथे नीट उभंही राहता येत नाही, फार वाकावं लागतं.

"हे तिचं," म्हणाले.

मग ते बोलले. क्लॅम्पबद्दल बोलतात तसे नाही, थांबत थांबत. त्यांना राउटरचा आवाज पहिल्यापासून सोसत नाही. दाताखाली खडा आल्यासारखं होतं म्हणे. सासूबाई म्हणाल्या, मग ते मी करते, तुम्ही सांधा. सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आत त्या कडा काढून ठेवायच्या आणि घरी जायच्या. दिवसभर लोक यायचे, कडेवरून बोट फिरवायचे आणि यांना म्हणायचे, काय हात आहे हो तुमचा! "पहिल्यांदा मी सांगायला तोंड उघडलं," म्हणाले, "तर ती मागे उभी राहून हसली. म्हणून गप्प बसलो. नंतर गप्प बसणंच सोपं झालं."

मी विचारलं, "पायरी तिरकी कशी करायच्या?"

"विचारलंच नाही."

"कधीच?"

"विचारायला काय, होतीच की ती रोज."

मामा, मला रडूच आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बहुतेक मुद्दामच. मग म्हणाले, "तुला बघ शोधून म्हटलं ते काही परीक्षा म्हणून नाही. वाटलं, तुला सापडलं तर मलाही कळेल." आणि कुलपाचं? "नाहीच सापडलं, तर रोज इथे येऊन ते टेबल बघायचं कशाला, म्हणून कुलूप." आपण दोघं काय काय समजत होतो त्यांना!

मी त्यांना ती भोकं दाखवली आणि तुझा पट्टीचा अंदाज सांगितला. ते एकदम म्हणाले, "पट्टी! ती घासत बसायची एक पट्टी. पॉलिशकागदाने. मला वाटायचं, टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली घालायला." एवढी वर्षं त्यांना ते टेबल डुगडुगतं असंच वाटत होतं.

ती पट्टी काही सापडली नाही, तेव्हा आम्ही नवी करायला बसलो. किती जाड, हे कुणालाच माहीत नाही. पहिली जाड झाली, दार फारच कललं. दुसरी पातळ. प्रत्येक वेळी स्क्रू काढा, स्क्रू बसवा, मी रडकुंडीला आले. तेव्हा सासरे म्हणाले, "स्क्रू कशाला? तिला कायमची बसवायची होती. आपल्याला शोधायचंय." आणि त्यांनी पट्टी दोन क्लॅम्पनी टेबलाला धरली. मग काय, सैल कर, केसभर सरकव, खाली कागदाची घडी घाल, पुन्हा आवळ. त्यात त्यांचा हात कोण धरणार? मी राउटर चालू केलं की ते कानात कापूस घालून, दात आवळून माझ्या शेजारी उभे राहायचे. बाहेर गेले नाहीत.

असे कितीतरी तुकडे वाया गेले. बिट तुझंच, बेअरिंगही तुझंच, त्यामुळे तुझं निम्मं निदान बरोबर होतं, मामीला सांग. शेवटी एका तुकड्यावर तो हिरवा ठसा ठेवला आणि तो कुठेही न अडता बसला. उजेडात धरला, मधून उजेड येईना. मी तुकडा सासऱ्यांना दिला. त्यांनी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"हिचीच आहे," म्हणाले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई? ती सकाळी दुकान झाडायला जायची." मी म्हटलं, "झाडताना मशीनचा आवाज यायचा का रे?" तो मग म्हणाला, "यायचा." आणि उठून दुकानात गेला. बाप-लेक तिथे काय बोलले मला माहीत नाही, मी गेले नाही.

तीनही दारं आता तयार आहेत. कडा मी काढल्या, सांधले त्यांनी. पुढच्या आठवड्यात बसवायची. दुकानाचं काय ते मी विचारलेलं नाही. डॉक्टरीणबाईंची नजर बारीक आहे. वरचं आणि खालचं शेजारी दिसल्याशिवाय काही खरं नाही.

टिल्लू


१४ ऑगस्ट

राजमान्य वगैरे मला लिहिता येत नाही, तेव्हा थेट लिहितो. मी तुमच्या भाचीचा सासरा. पत्र लिहायची सवय नाही. सूनबाई म्हणाली, मामांना क्लॅम्प तुम्हीच सांगा, म्हणून लिहितो आहे.

पाइपचे क्लॅम्प पाठवा, जबडे ओतीव हवेत. दाबाचे, एका हाताने लागणारे, तेही पाठवा, पण थोडे. सूनबाईला ते सोयीचे जातात. मला आवडत नाहीत. त्यात हाताला सांध्याचा अंदाज येत नाही. स्क्रूच्या क्लॅम्पमध्ये येतो. सरस कडेने बारीक थेंबांनी बाहेर आला की थांबायचं, हे हाताला कळायला हवं. जबड्यांना लावायला कातड्याचे तुकडे असतील तर तेही द्या. दुकान चालू आहे, आता काम वाढेल असं दिसतं. खुंट्या मी खाली घेतल्या. पाट मोडीत काढला.

डॉक्टरीणबाईंकडे दारं बसवली. त्या वर पाहत होत्या, खाली पाहत होत्या. मग म्हणाल्या, तुमचा हात अजून तोच आहे. हे मी आयुष्यभर ऐकत आलो आणि दर वेळी मान हलवत आलो. या वेळी मान हलेना. मी म्हटलं, "बाई, तो हात माझा नव्हता. वरची दारं आमच्या हिची आहेत, खालची तीन सुनेची. मी फक्त सांधतो." बाई म्हणाल्या, "मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?" हिचं नाव मी त्या घरात पहिल्यांदा घेतलं. बाईंनी ते दोनदा विचारून घेतलं. सूनबाई शेजारीच उभी होती.

बिटांचं मला कळत नाही, ते सूनबाई वेगळं लिहील. मी राउटर शिकतो आहे. तुम्ही हसाल. स्टूल घेऊन बसतो, कारण टेबल बुटकं आहे आणि ते उंच करायचं नाही असं ठरलं आहे. आवाज अजून सोसत नाही. कापूस घालतो. लाकूड उजवीकडून डावीकडेच का सरकवायचं, बेअरिंग लहान केलं की काय होतं, कड जळते ती कशाने, असं एकेक विचारतो. हिला विचारायचं राहून गेलं ते सगळं आता सुनेला विचारतो. ती वैतागते. वैतागू दे.